मिठावर वसलेलं गाव

लुनेबुर्ग ते डॅनेनबर्ग ही आगगाडी म्हणजे एक छोटीशी शटल. दिवसातून मोजक्या फेऱ्या. एक चुकली की स्टेशनवर बसून राहायचं, अगदी आपल्या लोंढ्यासारखं. २०२५च्या मे महिन्याच्या अखेरीस, कॉलेजला सुट्टी असताना, मी हॅम्बुर्गला धाकट्या भावाकडे गेले होते. तो तिथं इंजिनिअर आहे. मला बर्लिन दाखवायचं त्याने ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, बर्लिन नंतर, आधी मला गोर्लेबेनला ने.

“ताई, तिथं काय आहे बघायला? बटाट्याची शेतं आणि पाईनची झाडं!”

“तीच बघायची आहेत,” मी म्हटलं.

मी राज्यशास्त्र शिकवते. शेवटच्या वर्षाला सामाजिक चळवळी हा भाग असतो. चिपको होतं, नर्मदा होते, आणि शेवटी जर्मनीतली अणुविरोधी चळवळ दोन ओळींत उरकली जाते. त्या दोन ओळींत गोर्लेबेनचं नाव येतं. इतकी वर्षं ते नाव फळ्यावर लिहीत आले, पण ते गाव कसं आहे, तिथली माणसं काय खातात, त्यांनी नेमकं काय केलं, हे मला ठाऊक नव्हतं. शिवाय आणखी एक कारण होतं, ते अगदी घरचं. त्याबद्दल शेवटी सांगते.

गाडी जंगलातून हळूहळू चालली होती. भाऊ खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, “हेच ते रूळ. यावर लोक बसायचे.” १९९५ ते २०११ या काळात अणुकचऱ्याची पिंपं याच लोहमार्गाने आली. २०१०च्या नोव्हेंबरात हार्लिंगेन गावाजवळ हजारो माणसं थंडीत रात्रभर या रुळांवर बसून होती. त्याआधी २००१मध्ये स्यूशेनडोर्फजवळ काही तरुणांनी आपले हात रुळांखालच्या काँक्रीटमध्ये अडकवून घेतले, आणि कचऱ्याच्या गाडीला मागे फिरावं लागलं. आता रुळांच्या दोन्ही बाजूंना रानफुलं होती, आणि आमच्या डब्यात सायकली घेतलेली चार-पाच मंडळी.

तिन्ही बाजूंनी सीमा

आम्ही ज्या आजींकडे उतरलो होतो त्या डॅनेनबर्गला गाडी घेऊन आल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण गाडी अशी चालवत होत्या की मी दोनदा दाराची मूठ घट्ट धरली. त्यांचं शेत आहे, त्याला लागून गोठा होता, त्या गोठ्याच्या आता पाहुण्यांसाठी दोन खोल्या केल्या आहेत.

या भागाला वेंडलँड म्हणतात. वेंड हे स्लाव्ह लोक, जर्मनांच्या आधी इथं वसलेले. त्यांच्या खुणा गावांच्या नावांत आहेत आणि गावांच्या रचनेत. इथली जुनी गावं गोल असतात. मधे मोकळं अंगण, भोवती पंख्याच्या पात्यांसारखी घरं, सगळ्यांची तोंडं आत, मध्याकडे. लाकडी चौकटीची, विटांची ही घरं बघायला ल्यूबेल्न गावात खास संग्रहालय आहे. त्या लोकांची भाषा मात्र राहिली नाही. अठराव्या शतकात ती संपली. त्या काळात एका शेतकऱ्याने, योहान पारुम शुल्ट्सेने, आपल्या वहीत गावच्या हकिगतींबरोबर त्या भाषेचे शब्द लिहून ठेवले. आपण आणि आणखी दोघे-चौघे गेलो की ही भाषा कुणाला येणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट ऐकून काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको. मी त्या संग्रहालयात जरा जास्तच वेळ थांबले.

सीमेचं दुखणं याही भागाला आहे, फक्त वेगळ्या तऱ्हेचं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले तेव्हा ल्यूखो-डॅनेनबर्ग हा जिल्हा पश्चिम जर्मनीत आला, पण पूर्व जर्मनीत घुसलेल्या बोटासारखा. तिन्ही बाजूंनी सीमा. एल्बे नदीच्या पलीकडे तारा आणि पहारे. ड्योमिट्झचा रेल्वेपूल १९४५मध्ये बॉम्बहल्ल्यात पडला, तो पुन्हा बांधलाच नाही. या काठावर त्याच्या कमानी अजून तशाच उभ्या आहेत आणि नदीच्या अलीकडेच संपतात. आजी म्हणाल्या, “आमच्या लहानपणी आम्हाला वाटायचं, जग इथंच संपतं.”

रेताड जमीन, विरळ वस्ती, कारखाने नाहीत, तरुण मुलं शहराकडे. राज्याच्या राजधानीतून नकाशा पाहिला की अशा जागा रिकाम्या दिसतात. २२ फेब्रुवारी १९७७ रोजी लोअर सॅक्सनी राज्याचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेख्त यांनी जाहीर केलं, की गोर्लेबेनला अणुकचऱ्याचं मोठं केंद्र होणार. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारा प्रचंड कारखाना आणि त्याच्या खाली, जमिनीच्या पोटातल्या मिठाच्या थरात, कचऱ्याची कायमची जागा.

मीठ का, हे भावाने मला जेवणाच्या टेबलावर मीठदाणी पुढे ओढून समजावलं. जमिनीखाली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं मीठ घुमटासारखं वर आलेलं असतं. ते कोरडं असतं, उष्णता चांगली वाहून नेतं, आणि दाबाखाली संथपणे सरकून भेगा आपोआप बुजवतं. अणुकचरा गरम असतो आणि तो पाण्यापासून दूर ठेवावा लागतो. जर्मन कायद्यात आज मुदत धरलेली आहे दहा लाख वर्षांची. म्हणजे कल्पना चांगली होती. प्रश्न होता तो या घुमटाचा. त्याच्या डोक्यावरचं चिकणमातीचं झाकण हिमयुगातल्या प्रवाहांनी एका पट्ट्यात खरवडून नेलं होतं. तिथं भूजल थेट मिठापर्यंत पोचत होतं. सरकारच्या कामावर असलेले भूशास्त्रज्ञ क्लाउस डुपहोर्न यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ही शंका मांडली आणि दुसऱ्या जागाही तपासा असा सल्ला दिला. तो मानला गेला नाही.

“आल्ब्रेख्त, आम्ही येतोय”

आजींनी संध्याकाळी शतावरी उकडून, बटाटे आणि वितळलेलं लोणी असं जेवण वाढलं. पांढरी शतावरी हा इथला मे-जूनचा मेवा. आपल्याकडे आंब्याचं जे कौतुक, ते इथं तिचं. जेवताना मी विचारलं, “तुम्हाला ही बातमी कशी कळली?”

“रेडिओवर,” त्या म्हणाल्या. “मी तीस वर्षांची होते. गाई दोहत होते. नवरा म्हणाला, बघ, आपलं गाव रेडिओवर! त्याला आधी आनंदच झाला.”

सगळेच विरोधात होते असं नाही, हे त्यांनी न विचारता सांगितलं. नोकऱ्या येणार म्हणून खूश झालेली माणसंही होती. १९७५च्या ऑगस्टमध्ये या भागात मोठा वणवा लागला होता, पाईनची झाडं जळून गेली होती. जळक्या जमिनीला चांगला भाव मिळतोय म्हटल्यावर अनेकांनी विकली. आजींच्या दिरानेही विकली. दोघे भाऊ त्यानंतर कित्येक वर्षं बोलले नाहीत. आईच्या अंत्यविधीलाही दोन टोकांना उभे राहिले. मात्र इथल्या जंगलाचे मोठे मालक काउंट आंद्रेआस फॉन बेर्नस्टोर्फ यांनी कोट्यवधी मार्कांची रक्कम नाकारली, आणि त्यांच्या जमिनीखालचं मीठ शेवटपर्यंत मिळालं नाही. ते स्वतः आल्ब्रेख्त यांच्याच पक्षाचे होते.

या भागात मतं पारंपरिक पक्षांना पडायची. डोक्यावर रुमाल बांधलेल्या बाया, चर्चला जाणारे शेतकरी, यांना मोर्चा म्हणजे शहरातल्या पोरांचा उद्योग वाटायचा. पण १९७९च्या मार्चमध्ये हेच शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हॅनोव्हरला निघाले. “आल्ब्रेख्त, आम्ही येतोय” हे त्यांच्या पाट्यांवर लिहिलेलं होतं. सहा-सात दिवसांचा प्रवास, वाटेत गावोगावचे लोक सूप आणि पाव घेऊन उभे. ते वाटेत असतानाच, २८ मार्च १९७९ला, अमेरिकेत थ्री माईल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला. ३१ मार्चला हॅनोव्हरमध्ये शेकडो ट्रॅक्टर आणि सुमारे १ लाख माणसं जमली. दीड महिन्याने, १६ मे रोजी, आल्ब्रेख्त यांनी सांगितलं, की प्रक्रियेचा कारखाना राजकीयदृष्ट्या शक्य नाही.

“म्हणजे जिंकलात!” मी म्हटलं.

आजी हसल्या. “अर्धं. कारखाना गेला, खड्डा राहिला.”

मिठाच्या घुमटाची तपासणी चालूच राहिली. ३ मे १९८० रोजी आंदोलकांनी १००४ क्रमांकाच्या बोअरच्या जागी लाकडी झोपड्यांचं गाव उभारलं आणि त्याला नाव दिलं, ‘वेंडलँडचं मुक्त प्रजासत्ताक’. त्या गावाचा स्वतःचा रेडिओ होता, वेस होती, आणि वेशीवर शिक्का मारून पासपोर्ट दिला जायचा. तेव्हा युवक संघटनेचे अध्यक्ष असलेले आणि पुढे चान्सेलर झालेले गेरहार्ड श्रोडरही तिथं येऊन गेले. आजी रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन तिथं जायच्या. ४ जूनला हजारो पोलिसांनी वेढा घातला. माणसं जागेवर बसून राहिली, कुणी हात उगारला नाही. त्यांना एकेकाला उचलून नेलं आणि बुलडोझरने झोपड्या पाडल्या. तेहतीस दिवसांचं प्रजासत्ताक. आजींकडे तो पासपोर्ट अजून आहे. पिवळ्या पडलेल्या पुस्तिकेत त्यांचा तरुणपणीचा फोटो. भावाने तो हातात घेतला आणि पहिल्यांदाच गप्प बसला.

ल्यूखोमध्ये गोर्लेबेन अर्काइव्ह नावाची एक संस्था आहे. या सगळ्या लढ्याची कागदपत्रं, पत्रकं, फोटो, सभांची इतिवृत्तं असं बरंच तिथं जपून ठेवलेलं आहे. तिथल्या लढ्याचा एक फोटो जर्मनीत फार प्रसिद्ध आहे. शिरस्त्राणं घातलेल्या उंच पोलिसांची रांग, आणि तिच्यासमोर टोपी-कोटातली एक ठेंगणी बाई, हात खाली सोडून शांत उभी. ती मारियाने फ्रिट्झेन, इथल्या नागरिक समितीच्या संस्थापकांपैकी एक. २०१६मध्ये त्या वारल्या.

एकशे तेरा पिंपं

दुसऱ्या दिवशी गोर्लेबेनला गेलो. त्या आठवड्यात सगळ्या वेंडलँडमध्ये एक उत्सव चालू होता. येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस ते पेंटेकॉस्ट या दिवसांत इथले कुंभार, सुतार, चित्रकार, शेतकरी आपली अंगणं पाहुण्यांना उघडी ठेवतात. १९८९पासून ही प्रथा आहे आणि तिचं मूळ या लढ्यातच आहे. कुठं रूबार्बचा केक, कुठं मातीची भांडी, कुठं व्हायोलिन. आणि गावोगाव, फाटकावर, गोठ्याच्या भिंतीवर, लाकडाची मोठी पिवळी फुली. कचऱ्याची गाडी ज्या दिवशी यायची त्याला हे लोक ‘क्ष दिवस’ म्हणायचे, त्या क्षची ही फुली. ज्या घरावर फुली, तिथं आंदोलकाला दार उघडं, चहा तयार, गोठ्यात झोपायला गवत.

फ्रान्समधल्या ला आग इथं प्रक्रिया होऊन राहिलेला जहाल कचरा काचेत ओतून, पोलादी नळकांड्यांत भरून, शंभर टनांहून जड अशा कास्टर नावाच्या पिंपांतून इथं यायचा. डॅनेनबर्गपर्यंत रेल्वेने, तिथं क्रेनने ट्रकवर, आणि शेवटचे वीसेक किलोमीटर रस्त्याने. पहिलं पिंप २५ एप्रिल १९९५ला आलं, शेवटची खेप २०११च्या नोव्हेंबरात. एकूण तेरा खेपा. १९९७च्या खेपेला सुमारे ३०,००० पोलीस लागले. शेतकऱ्यांनी कधी रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे घातले, कधी काँक्रीटचे पिरॅमिड ठेवून त्यात स्वतःला अडकवलं. २०१०मध्ये मेंढपाळांनी शेळ्या-मेंढ्यांचा अख्खा कळपच रस्त्यात आणला. ऐकताना हसू येतं. पण २००४मध्ये फ्रान्समध्ये याच गाडीखाली सापडून एक तरुण आंदोलक मेला, हेही आजींनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. “त्या रात्री आम्ही रस्त्याच्या कडेला मेणबत्त्या लावल्या. आपण कुणाच्या तरी मुलाला मरायला बोलावलं का, असं मला वाटत राहिलं.” यावर आम्ही दोघेही काही बोलू शकलो नाही.

जंगलात मातीच्या बांधामागे आणि कुंपणाआड एक लांबलचक साधी इमारत दिसते. टीकाकार तिला बटाट्याची वखार म्हणतात, कारण वारा आत येऊन वरून बाहेर जावा अशी तिची रचना आहे. पिंपांची उष्णता त्या वाऱ्यानेच निघून जाते. आत ११३ पिंपं उभी आहेत. सगळं शांत. एक पक्षी एकसारखा ओरडत होता. भीती वाटेल असं काहीही नव्हतं, आणि मला वाटतं, अणुकचऱ्याची अडचण तीच आहे. पूर आला तर दिसतो, आग लागली तर दिसते. हे दिसत नाही. मग त्याच्याबद्दल जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

विश्वास का उडाला, त्याचं एक उत्तर इथून फार दूर नाही. याच राज्यात आस्से नावाची मिठाची जुनी खाण आहे. १९६७ ते १९७८ या काळात तिथं कमी आणि मध्यम किरणोत्सारी कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपं ठेवली गेली. कोरडी, सुरक्षित जागा म्हणून. पण आज त्या खाणीत रोज हजारो लिटर खारं पाणी झिरपतं, आणि सगळा कचरा पुन्हा वर काढायचा निर्णय झाला आहे. काम प्रचंड आहे आणि अजून ते सुरू झालेलं नाही.

गोर्लेबेनच्या खाणीचं काय झालं? २००० ते २०१० काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, संसदेची चौकशी समिती बसली. २०१३मध्ये नवा कायदा आला. त्याचं तत्त्व असं, की नकाशा कोरा धरायचा, सगळा देश तपासायचा, आणि निकष आधी ठरवायचे, जागा नंतर. २८ सप्टेंबर २०२० रोजी पहिला अहवाल निघाला. देशातले ९० भाग तपासायला योग्य ठरले, म्हणजे जमिनीच्या निम्म्याहून अधिक. गोर्लेबेन त्यात नव्हतं. डोक्यावरचं झाकण अपुरं, हे एक कारण. चाळीस वर्षांपूर्वी सांगितलेलंच. २०२१च्या सप्टेंबरात खाण बंद करण्याचा आदेश निघाला आणि २०२४च्या नोव्हेंबरपासून वर काढलेलं मीठ पुन्हा खाली भरायला सुरुवात झाली. तो मिठाचा ढिगारा आम्ही लांबून पाहिला.

नको म्हणणं आणि विचारणं

परतताना गाडीत भावाने वाद काढला. तो म्हणाला, “ताई, एक सांग. यांनी चाळीस वर्षं वीज वापरली ना? मग कचरा दुसऱ्याच्या दारात का? हे तर ‘आमच्याकडे नको’ एवढंच झालं.”

खरं तर हा प्रश्न माझाही होता. मी तो आजींना विचारायला सांगितलं. भावाने भाषांतर करताना जरा मऊ केला असावा, पण त्यांना तो पुरता कळला. त्यांनी गाडी कडेला घेतली.

“ती ११३ पिंपं अजून इथंच आहेत,” त्या म्हणाल्या. “जिंकलो जिंकलो म्हणतात, पण कचरा माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. परवाना २०३४च्या अखेरीपर्यंत आहे. नवी जागा त्याच्या आत सापडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी नातही म्हातारी होईल तोवर. कचरा कुठं तरी ठेवावा लागणारच, हे मला कळतं. मी काय मूर्ख नाही. आम्ही एवढंच म्हणत होतो, की आधी तपासा, मग ठरवा. तुम्ही आधी ठरवलंत आणि मग तपासल्यासारखं केलंत. उद्या दुसऱ्या गावात नेणार असतील, तर त्या लोकांना मी सांगेन, सगळे कागद मागून घ्या.”

जर्मनीतल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद झाल्या. कचरा राहिलाच. नवी जागा २०३१पर्यंत ठरवू असं कायद्यात म्हटलं होतं. आता जबाबदार संस्थाच २०४६ ते २०६८ असा काळ सांगते. भाऊ नंतर बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, “विजेचं बिल आपण दर महिन्याला भरतो. हे बिल कुणी पाठवलंच नव्हतं.”

यात आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. बेळगावपासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, काळी नदीकाठी, कैगा आहे. तिथं २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या चालू आहेत. ते होऊ नये म्हणून ज्ञानपीठविजेते कन्नड लेखक शिवराम कारंत वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, १९८९मध्ये, लोकसभेला उभे राहिले आणि पडले. आपल्याकडे वापरलेलं इंधन फेकत नाहीत, त्यावर प्रक्रिया करतात आणि उरलेला जहाल कचरा काचेत मुरवून ठेवतात. तारापूरला तशी सोय आहे. पण कायमची जागा आपणही अजून ठरवलेली नाही. २०१२च्या नोव्हेंबरात कुडनकुलमचा कचरा कोलारच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत ठेवण्याची गोष्ट सर्वोच्च न्यायालयात निघाली, तेव्हा कोलारचे लोक रस्त्यावर आले, गाव बंद झालं. मग तसा काही विचार नाही असा खुलासा झाला. मी त्या वेळी ती बातमी वाचली आणि पान उलटलं, हे कबूल करते.

मामाची ट्रंक

आता घरचं कारण सांगते. माझं आजोळ काळी नदीच्या खोऱ्यातलं. माझ्या जन्माच्या सुमाराला ते धरणाच्या पाण्यात गेलं. अणुकचरा आणि धरण यांची तुलना होत नाही, आणि वीज मलाही लागते. पण आई सांगायची, की एक दिवस साहेब आले, झाडांवर चुन्याने पाण्याची पातळी लिहून गेले, आणि त्यावरून गावाला कळलं. कुणी विचारलं नाही. आमची माणसं रामनगरला आली, तिथंच राहिली.

परत आल्यावर जूनच्या पहिल्या पावसात मी रामनगरला मामाकडे गेले. मामा आता सत्तरीच्या पुढचा. त्याला आजींचा पासपोर्ट, ट्रॅक्टर, मेंढ्या, सगळं सांगितलं. मेंढ्यांना तो पोट धरून हसला. मग म्हणाला, “अगं, ट्रॅक्टर होते त्यांच्याकडे. आमच्याकडे एक होडी होती.”

जरा वेळाने तो आतून पत्र्याची ट्रंक घेऊन आला. तळाशी, आजीच्या नऊवारीखाली, एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात भूसंपादनाची नोटीस, कन्नडमध्ये, जी घरात तेव्हा कुणालाच वाचता आली नव्हती. घर आणि झाडं मोजलेला कागद, त्यात फणस तीन आणि माड अकरा. आणि आजोबांनी मोडीवळणाच्या मराठीत लिहिलेला एक अर्ज, पोचपावती नसलेला. देवळाची जागा कुठं देणार, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

“हे तू मला कधी दाखवलं नाहीस,” मी म्हटलं.

“तू कधी विचारलंस?” मामा म्हणाला.

ल्यूखोच्या त्या कागदांनी भरलेल्या घराची मला आठवण झाली. तिथल्या लोकांनी कागद जपले, म्हणून चाळीस वर्षांनी त्यांना ‘आम्ही तेव्हाच सांगितलं होतं’ असं पुराव्यानिशी म्हणता आलं. आपल्या भागातल्या बुडालेल्या, हललेल्या, सरकवलेल्या गावांचे कागद कुठं आहेत? माळ्यावर, ट्रंकेत, वाळवीच्या तोंडी. या वर्षी माझ्या वर्गातल्या नऊ मुलांनी हे काम हातात घेतलं आहे. रविवारी ती रामनगर, जोयडा आणि खानापूरच्या खेड्यांत जातात, कागदांचे फोटो काढतात आणि मूळ कागद त्याच घरी परत ठेवतात. आजोबांचा अर्ज आमचा पहिला.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असे कागद असतील, तर एवढंच सांगणं आहे. पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून उन्हात धरा, आणि टाकून देऊ नका.